अमेरिकेतील इंटर्नशिपचे वेतन आणि कर : भारतीय विद्यार्थ्यांसाठी नियम, सवलती आणि परताव्याची वाट

पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा आर्थिक ताळेबंद बहुधा तीन आकड्यांवर उभा असतो : विद्यापीठाचे शुल्क, बँकेचे शैक्षणिक कर्ज आणि पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मिळणारी इंटर्नशिप. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून गेलेला विद्यार्थी असो की सांकवाळच्या बिट्स पिलानी संकुलातून गेलेली विद्यार्थिनी असो, मे ते ऑगस्ट या तीन महिन्यांत हाती येणारे डॉलर पुढील सत्राचे शुल्क भरण्यास किंवा कर्जाचे व्याज फेडण्यास उपयोगी पडतात. या वेतनावर अमेरिकेत प्राप्तिकर लागतो. तो किती लागतो, कोणती कपात मुळातच होऊ नये आणि भारत व अमेरिका यांच्यातील करारामुळे कोणती सवलत मिळते, याची माहिती नसल्याने अनेकांचे शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर अमेरिकी तिजोरीत पडून राहतात. मागितल्याशिवाय ते परत मिळत नाहीत.

अमेरिकेतील नियम समजून घेताना एक गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते. तेथील करवर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे असते. भारतातील आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत चालते. त्यामुळे एकाच वेतनाचा हिशेब दोन देशांत दोन निरनिराळ्या वर्षांत पडू शकतो.

काम करण्याची परवानगी आणि कर या दोन वेगळ्या बाबी

एफ-१ व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. अभ्यासक्रम सुरू असताना, त्या अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून केलेल्या इंटर्नशिपसाठी ‘करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ म्हणजे सीपीटी मिळते. ती विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय देते आणि तिची नोंद आय-२० या कागदपत्रावर होते. दुसरी परवानगी ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ म्हणजे ओपीटी. तिची मुदत बारा महिने असते आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांना ती आणखी चोवीस महिने वाढवून मिळू शकते. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्णवेळ सीपीटी वापरली, तर त्याच पदवीस्तरावरील ओपीटीचा हक्क जातो.

कर खात्याला, म्हणजे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसला (आयआरएस), या परवान्यांपेक्षा वेगळा प्रश्न पडतो : ही व्यक्ती कराच्या दृष्टीने निवासी की अनिवासी? कर भरला म्हणून विनापरवाना केलेले काम वैध ठरत नाही आणि परवाना आहे म्हणून कर माफ होत नाही. दोन्ही कायद्यांचे पालन स्वतंत्रपणे करावे लागते.

पाच वर्षांचा नियम

अमेरिकेत वर्षातून १८३ दिवसांहून अधिक काळ राहणारा परदेशी नागरिक सर्वसाधारणपणे कराच्या दृष्टीने निवासी ठरतो. ही मोजणी करताना चालू वर्षातील सर्व दिवस, आधीच्या वर्षातील दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्याही आधीच्या वर्षातील दिवसांचा एक षष्ठांश भाग एकत्र धरतात. मात्र एफ-१ आणि जे-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांना या मोजणीतून पाच कॅलेंडर वर्षे वगळण्यात आले आहे. या काळात ते वर्षभर अमेरिकेत राहिले तरी अनिवासीच राहतात.

ही पाच वर्षे दिवसांनी मोजली जात नाहीत. वर्षातील एक दिवस जरी विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेला, तरी ते संपूर्ण वर्ष खर्ची पडते. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रथमच अमेरिकेला गेलेल्या विद्यार्थ्याची पाच वर्षे म्हणजे २०२४, २०२५, २०२६, २०२७ आणि २०२८. त्याची १८३ दिवसांची मोजणी १ जानेवारी २०२९ पासून सुरू होईल. पूर्वी कधी विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत वास्तव्य झाले असेल, तर ती वर्षेही याच पाचात धरली जातात. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि त्यानंतरची ओपीटी करणारे बहुतेक विद्यार्थी या मुदतीत बसतात, पीएच.डी. करणाऱ्यांना सहाव्या वर्षी नियम बदलल्याचे ध्यानात ठेवावे लागते.

अनिवासी असल्याची नोंद ‘फॉर्म ८८४३’ भरून करायची असते. वर्षभरात एक डॉलरही कमावला नसला, इंटर्नशिप बिनपगारी असली, तरीही हा अर्ज पाठवावा लागतो. अनेक विद्यार्थी पहिल्या वर्षी नेमका हाच अर्ज विसरतात.

वेतनातून काय कापले जावे आणि काय नाही

इंटर्नशिपच्या पहिल्या वेतनपत्रकात तीन प्रकारच्या कपाती दिसू शकतात : केंद्रीय प्राप्तिकर, राज्याचा प्राप्तिकर आणि सामाजिक सुरक्षेचे कर. पहिल्या दोन कपाती भारतातील टीडीएससारख्या असतात. वर्षअखेरीस हिशेब होऊन जादा रक्कम परत मिळते. तिसऱ्या कपातीचे तसे नाही.

सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या दोन करांना मिळून ‘फायका’ म्हणतात. कर्मचाऱ्याच्या वेतनातून पहिल्यासाठी ६.२ टक्के आणि दुसऱ्यासाठी १.४५ टक्के, असे एकूण ७.६५ टक्के कापले जातात. तितकीच रक्कम मालक आपल्या खिशातून भरतो. निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठी असलेला हा कर एफ-१ व जे-१ व्हिसावरील अनिवासी विद्यार्थ्यांना लागू होत नाही. अमेरिकी करसंहितेच्या कलम ३१२१(ब)(१९) मध्ये ही सूट दिलेली असून परवानगीने केलेल्या सीपीटी आणि ओपीटीच्या वेतनालाही ती लागू आहे. ही सूट भारताशी झालेल्या करारातून आलेली नाही. पाच वर्षांच्या आतील कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला ती मिळते. जे-२ व्हिसावर काम करणाऱ्या जोडीदाराला मात्र ती मिळत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या वेतन विभागांना हा नियम ठाऊक असतो. लहान आस्थापनांत किंवा नव्या उद्योगांत तो ठाऊक असेलच असे नाही, आणि वेतनाची संगणक प्रणाली आपोआप फायका कापून मोकळी होते. म्हणून पहिले वेतनपत्रक हाती येताच या दोन ओळी तपासणे हिताचे असते. चूक त्याच तिमाहीत लक्षात आली, तर मालकाला ती सहज दुरुस्त करता येते.

नोकरीवर रुजू होताना भरायचा ‘डब्ल्यू-४’ हा अर्जही काळजीने भरावा लागतो. अनिवासी विद्यार्थ्याने विवाहित असला तरी त्यावर ‘अविवाहित’ हाच पर्याय निवडायचा असतो आणि अर्जावर आपण अनिवासी असल्याचा शेरा लिहायचा असतो. अनिवासी कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कर कापताना मालकाला हिशेबापुरती एक जादा रक्कम वेतनात मिळवावी लागते. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना या जादा रकमेच्या नियमातून वगळले आहे. वेतन विभागाला हे सांगितल्यास दरमहा होणारी कपात कमी होते.

वेतनासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक आवश्यक असतो. परवानगी मिळाल्यावर, काम सुरू होण्यापूर्वी तीस दिवसांच्या आत त्यासाठी अर्ज करता येतो. या क्रमांकाच्या नावात ‘सोशल सिक्युरिटी’ असले, तरी तो असल्यामुळे त्या नावाचा कर देणे बंधनकारक ठरत नाही.

भारत-अमेरिका करारातील कलम २१

अमेरिकेतील प्रत्येक निवासी करदात्याला एकूण उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम वजा करून उरलेल्या रकमेवर कर द्यावा लागतो. तिला प्रमाणित वजावट म्हणतात. एकट्या व्यक्तीसाठी ती २०२४ मध्ये १४,६०० डॉलर होती, २०२५ साठी १५,७५० डॉलर झाली आणि २०२६ साठी १६,१०० डॉलर ठरली आहे. अनिवासींना ही वजावट मिळत नाही. चीन, इराण, ब्राझील किंवा नेपाळमधून आलेल्या अनिवासी विद्यार्थ्याला ती घेता येत नाही. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला ती मिळते.

याचे कारण दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात झालेला करार. १२ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्लीत त्यावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १८ डिसेंबर १९९० रोजी तो अमलात आला. त्याचे २१ वे कलम विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थींविषयी आहे. त्याच्या पहिल्या उपकलमानुसार निर्वाह आणि शिक्षण यांसाठी अमेरिकेबाहेरून येणाऱ्या पैशावर, म्हणजे पालकांनी पाठविलेल्या रकमेवर, अमेरिकेत कर लागत नाही. दुसऱ्या उपकलमानुसार शिष्यवृत्ती आणि नोकरीचे वेतन यांच्याबाबत भारतीय विद्यार्थ्याला तेथील निवासी करदात्याप्रमाणेच सूट, सवलत आणि कपात मिळते. प्रमाणित वजावटीचा हक्क याच वाक्यातून येतो. शिक्षण किंवा प्रशिक्षण पूर्ण करण्यास वाजवी इतका काळ हा लाभ घेता येतो, असे तिसरे उपकलम सांगते.

या कलमातील एक अट गोव्यासारख्या राज्यातील कुटुंबांनी नीट वाचण्याजोगी आहे. लाभ नागरिकत्वावर अवलंबून नाही. अमेरिकेला जाण्याच्या लगेच आधी विद्यार्थी भारताचा रहिवासी असला पाहिजे, अशी ती अट आहे. पोर्तुगीज पारपत्र घेतलेला, परंतु मडगावात किंवा म्हापशात राहून शिकलेला आणि तेथूनच अमेरिकेला गेलेला विद्यार्थी भारताचा रहिवासी म्हणून या कलमाचा आधार घेऊ शकतो. उलट भारतीय पारपत्र असलेला, परंतु आईवडिलांसोबत दुबई किंवा कुवेत येथे राहून थेट तेथून अमेरिकेला गेलेला विद्यार्थी केवळ पारपत्राच्या बळावर या सवलतीस पात्र ठरत नाही. फायकाची सूट मात्र दोघांनाही सारखीच मिळते.

प्रत्यक्ष हिशेब

समजा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये गोव्यातून गेलेल्या एका विद्यार्थिनीने २०२५ च्या उन्हाळ्यात बारा आठवडे इंटर्नशिप केली. आठवड्याला चाळीस तास आणि तासाला ४० डॉलर या दराने तिचे वेतन १९,२०० डॉलर झाले. त्या वर्षी तिचे दुसरे उत्पन्न नाही.

करारातील सवलत घेतल्यास १९,२०० मधून १५,७५० डॉलर वजा होतात आणि ३,४५० डॉलर करपात्र उरतात. २०२५ साठी पहिल्या ११,९२५ डॉलरपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर १० टक्के दर आहे. तिचा केंद्रीय कर ३४५ डॉलर होतो.

सवलत न घेतल्यास संपूर्ण १९,२०० डॉलर करपात्र ठरतात. पहिल्या ११,९२५ डॉलरवर १० टक्क्यांनी १,१९२.५० डॉलर आणि उरलेल्या ७,२७५ डॉलरवर १२ टक्क्यांनी ८७३ डॉलर, असा एकूण २,०६५.५० डॉलर कर होतो. म्हणजे एका कलमाचा उल्लेख राहून गेल्याने १,७२०.५० डॉलर जादा जातात.

याच वेतनातून चुकून फायका कापला गेला असेल, तर १९,२०० डॉलरचे ७.६५ टक्के म्हणजे १,४६८.८० डॉलर आणखी गेले. दोन्ही चुका मिळून ३,१८९.३० डॉलरचे नुकसान होते. ही रक्कम तिच्या संपूर्ण कमाईच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकी आहे.

राज्याचा कर निराळा

केंद्रीय करासोबत बहुतेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर आकारतात आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी, साउथ डकोटा, वायोमिंग, अलास्का आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत वेतनावर प्राप्तिकर नाही. कॅलिफोर्नियात तो आहे, आणि ते राज्य केंद्र सरकारने परदेशांशी केलेले करकरार आपल्या करापुरते मानत नाही. तेथील हिशेब त्या राज्याच्या स्वतःच्या वजावटीनुसार होतो.

विद्यापीठ एका राज्यात आणि इंटर्नशिप दुसऱ्या राज्यात, असे वारंवार घडते. टेक्सासात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियात जाऊन तीन महिने काम केले, तर त्या तीन महिन्यांच्या वेतनाचे विवरणपत्र कॅलिफोर्नियाकडे भरावे लागते. काम जेथे प्रत्यक्ष केले, ते राज्य सर्वसाधारणपणे कर मागते. केंद्रीय कायद्याने अनिवासी असलेला विद्यार्थी एखाद्या राज्याच्या नियमानुसार तेथील निवासी ठरू शकतो, हेही विसरता कामा नये.

वेतनाखेरीज मिळणारी रक्कम

इंटर्नशिपच्या करारात ताशी वेतनाबरोबर घरभाड्याची रक्कम, प्रवासखर्च किंवा रुजू होतानाचा बोनस असे शब्द असतात. बोनस आणि रोख घरभाडे भत्ता हे वेतनासारखेच करपात्र आहेत. स्थलांतराच्या खर्चापोटी मालकाने दिलेली भरपाई २०१८ पासून सर्वसाधारण नोकरदारांसाठी करपात्र झाली आहे. म्हणून हाती येणाऱ्या रकमेचा अंदाज करताना करारातील प्रत्येक रकमेतून कर वजा करून पाहावा.

काही संशोधन संस्था विद्यावेतन देतात. त्याच्या बदल्यात काम करावे लागत असेल, तर नाव काहीही असले तरी कराच्या दृष्टीने ते वेतनच होय. कामाची अट नसलेल्या शिष्यवृत्तीतून शुल्क आणि पुस्तकांचा खर्च भागविला, तर तेवढा भाग करमुक्त असतो. निवास आणि भोजनासाठी वापरलेला भाग करपात्र असतो आणि त्यातून विद्यार्थी व्हिसाधारकांसाठी सामान्यतः १४ टक्के दराने कर कापला जातो. अशा रकमांचा तपशील ‘१०४२-एस’ या प्रमाणपत्रावर येतो.

एखादा मालक विद्यार्थ्याला कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून पैसे देतो आणि वर्षअखेरीस डब्ल्यू-२ ऐवजी १०९९ मालिकेतील कागद पाठवितो. ही बाब गंभीरपणे घ्यावी. एफ-१ व्हिसावरील परवानगी विशिष्ट मालकासाठी किंवा विशिष्ट प्रशिक्षणासाठी असते. स्वतंत्र व्यवसाय म्हणून दाखविलेले काम त्या परवानगीत बसते की नाही, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधीच विचारून घ्यावे.

उन्हाळ्याच्या सुटीत गोव्याला परतून, घरी बसून अमेरिकी कंपनीचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती वेगळी आहे. अनिवासी व्यक्तीने अमेरिकेबाहेर केलेल्या कामाचे उत्पन्न अमेरिकेतील उत्पन्न मानले जात नाही. काम गोव्यात झाले असल्याने ते उत्पन्न भारतात करपात्र ठरते.

विवरणपत्र कसे आणि केव्हा

वर्ष संपल्यावर ३१ जानेवारीच्या सुमारास मालकाकडून ‘डब्ल्यू-२’ हे वेतन प्रमाणपत्र मिळते. त्यातील पहिल्या रकान्यात करपात्र वेतन आणि दुसऱ्यात कापलेला केंद्रीय कर असतो. चौथा रकाना सोशल सिक्युरिटीचा आणि सहावा मेडिकेअरचा. पाच वर्षांच्या आतील विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रात हे दोन रकाने रिकामे असायला हवेत. १०४२-एस मिळणार असेल, तर ते १५ मार्चच्या सुमारास येते.

अनिवासी विद्यार्थ्याने ‘१०४०-एनआर’ हे विवरणपत्र भरायचे असते. वेतन मिळालेले असल्यास त्याची मुदत १५ एप्रिल असते आणि त्यासोबत फॉर्म ८८४३ जोडायचा असतो. वेतन किंवा अन्य करपात्र उत्पन्न नसेल, तर केवळ फॉर्म ८८४३ हा १५ जूनपर्यंत पाठविता येतो. विवरणपत्रासाठी वेळ कमी पडत असल्यास ‘फॉर्म ४८६८’ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून घेता येते. पण कर देणे असेल, तर त्याचा भरणा एप्रिलमध्येच करावा लागतो. वजावटीच्या ओळीवर प्रमाणित वजावटीची रक्कम लिहून ती भारत-अमेरिका करकरारान्वये घेतल्याचा उल्लेख करायचा असतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे १०४०-एनआर ऐवजी निवासींसाठीचे ‘१०४०’ भरणे. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या अनेक करसंगणक प्रणाली निवासींसाठीच बनविलेल्या आहेत. त्यांत माहिती भरत गेल्यास प्रमाणित वजावट आपोआप मिळते आणि सारे बरोबर झाल्यासारखे वाटते. पण त्यासोबत शिक्षणशुल्कावरील करसवलत किंवा अल्प उत्पन्न गटासाठीचे अनुदान अशा अनिवासींना न मिळणाऱ्या सवलतीही विवरणपत्रात शिरतात. असा परतावा पुढे व्याज आणि दंडासह परत करावा लागू शकतो. चूक झाली असेल, तर ‘१०४०-एक्स’ हे दुरुस्ती विवरणपत्र आणि त्यासोबत योग्य १०४०-एनआर भरता येते. अनेक विद्यापीठे अनिवासींसाठीच्या स्प्रिंटॅक्स किंवा ग्लेशियर टॅक्स प्रेप यांसारख्या प्रणाली आपल्या विद्यार्थ्यांना विनामूल्य किंवा सवलतीत देतात. त्याची चौकशी मार्चपूर्वी करावी.

अनिवासी विद्यार्थ्यासाठी अमेरिकी बँकेतील साध्या ठेवींचे व्याज करमुक्त असते. शेअरच्या लाभांशावर मात्र करारानुसार २५ टक्के कर लागतो आणि त्यावर प्रमाणित वजावट मिळत नाही.

चुकून कापलेला फायका परत कसा मिळतो

विवरणपत्रात फायका परत मागता येत नाही. त्यासाठी प्रथम मालकाकडेच लेखी मागणी करावी लागते. मालकाने चूक मान्य केली, तर तो रक्कम परत करून दुरुस्त केलेला डब्ल्यू-२ देतो. त्यात मालकाचाही फायदा आहे. कारण त्याने भरलेले ७.६५ टक्केही त्याला परत मिळू शकतात.

मालकाने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर ‘फॉर्म ८४३’ आणि ‘फॉर्म ८३१६’ हे दोन अर्ज थेट आयआरएसकडे पाठवायचे असतात. सोबत डब्ल्यू-२, पारपत्रातील व्हिसाचे पान, आय-९४ ही आगमनाची नोंद, परवानगी दाखविणारा आय-२० आणि ओपीटी असल्यास रोजगार परवानापत्र यांच्या प्रती लागतात. मालकाकडून परतावा मिळाला नसल्याचे त्याचे निवेदन, किंवा ते मिळाले नाही तर तसे स्वतःचे निवेदन, जोडायचे असते. मागणीची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे. प्रक्रियेला अनेक महिने लागतात. म्हणून पाठविलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि टपालाची पावती जपून ठेवावी.

शिक्षण संपवून भारतात परतणाऱ्यांनी अमेरिकेतील बँक खाते घाईने बंद करू नये. अमेरिकी सरकारने कागदी धनादेश बंद करण्याचे धोरण सप्टेंबर २०२५ अखेरपासून अमलात आणले असून परतावे थेट बँक खात्यात जमा करण्यावर भर आहे. खातेच नसेल, तर परतावा मिळण्यात अडचण येते.

भारतात काय दाखवायचे

अमेरिकेतील कमाई भारतात करपात्र आहे की नाही, हे त्या आर्थिक वर्षात विद्यार्थी भारतात किती दिवस होता, यावर ठरते. संपूर्ण वर्ष अमेरिकेत राहिलेला विद्यार्थी भारतात अनिवासी ठरतो आणि त्याच्या तेथील वेतनावर भारतात कर लागत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यातील इंटर्नशिप बहुधा अशाच वर्षात येते.

प्रश्न पहिल्या वर्षाचा असतो. ऑगस्टच्या मध्यावर गोवा सोडणारा विद्यार्थी १ एप्रिलपासून सुमारे १३५ दिवस भारतात असतो. हे १८२ पेक्षा कमी असले, तरी कायद्यात दुसरी कसोटीही आहे : वर्षात किमान ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात वास्तव्य असल्यास ती व्यक्ती निवासी ठरते. साठ दिवसांची ही अट नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकांना शिथिल केलेली आहे. शिक्षणासाठी जाणाऱ्याने ती सवलत आपल्याला आहेच, असे गृहीत धरू नये. म्हणजे पहिल्या ३१ मार्चपर्यंत विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत केलेल्या अर्धवेळ कामाचे वेतन भारतातील विवरणपत्रात दाखवावे लागू शकते. अमेरिकेत त्यावर कर भरला असल्यास त्याचे श्रेय भारतात घेता येते. त्यासाठी ठरलेला अर्ज मुदतीत भरावा लागतो.

याहून महत्त्वाची बाब अमेरिकी बँक खात्याची आहे. भारतात निवासी आणि सामान्य निवासी ठरणाऱ्या व्यक्तीचे परदेशात खाते असेल, तर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी विवरणपत्र भरून त्या खात्याची माहिती द्यावी लागते. शिक्षण संपवून कायमचे परतलेल्या, पण अमेरिकेतील खाते चालू ठेवलेल्या तरुणांनाही हा नियम लागू होतो.

नियम बदलतात ते क्षण

ओपीटीवरून एच-१बी व्हिसावर जाणाऱ्यांसाठी बदलाचा दिवस बहुधा १ ऑक्टोबर असतो. त्या दिवसापासून फायकाची सूट संपते आणि वेतनातून ७.६५ टक्क्यांची कपात योग्य ठरते. त्याच वर्षातील आधीच्या महिन्यांची सूट मात्र त्यामुळे रद्द होत नाही. पाच कॅलेंडर वर्षे पूर्ण करून जो विद्यार्थी १८३ दिवसांच्या मोजणीने निवासी ठरतो, त्याला १०४० भरावे लागते, जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते आणि अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असल्यास त्याचे स्वतंत्र निवेदनही करावे लागते. आजीने नातीच्या नावे पणजीच्या बँकेत ठेवलेली मुदतठेव तोवर अमेरिकेच्या लेखी नसते. त्या वर्षापासून ती हिशेबात येते.

विद्यार्थ्याने दरवर्षी एकत्र ठेवावयाची कागदपत्रे थोडीच आहेत : सर्व आय-२०, अमेरिकेत आल्या-गेल्याच्या तारखा, पहिले आणि शेवटचे वेतनपत्रक, डब्ल्यू-२ व १०४२-एस, भरलेल्या विवरणपत्रांच्या प्रती. पुढे व्हिसा बदलताना किंवा कायम वास्तव्याचा अर्ज करताना मागील वर्षांची विवरणपत्रे मागितली जाऊ शकतात. जुन्या वर्षांची विवरणपत्रे राहून गेली असतील, तर ती आजही भरता येतात; परतावा मात्र सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत मागितला तरच मिळतो. २०२३ च्या उन्हाळ्यातील वेतनाच्या परताव्यासाठी ही मुदत एप्रिल २०२७ मध्ये संपते.